नव्वद नंबरचा फ्रॉक

मंडईचे पाहुणे गेले त्याच्या चौथ्या दिवशी मला कळलं की मी खोटं छापलं आहे. पवनीच्या बसस्टँडवर, आसगावच्या बाजारात, कॉलेजच्या गेटवर मी स्वतःच्या हातानं वाटलेलं खोटं. आणि त्याच्याच जोरावर मी माझ्या सख्ख्या मावशीचा पाहुण्यांदेखत अपमान केला होता. घराबाहेर काढलं नाही, तेवढंच बाकी ठेवलं.

मी एका युवा मंडळात काम करते. काम म्हणजे सभा, मोर्चे, निवेदनं आणि पत्रकं. पत्रकं मी लिहिते. मला पत्रकाचीच भाषा येते, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. उद्गारचिन्हं कमी करायचा प्रयत्न चालू आहे.

आमच्या तालुक्यात थंडी पडली की कपडे वाटायला लोक येतात. गाडीत गठ्ठे, गाडीला बॅनर, बरोबर फोटोवाला. म्हाताऱ्या बायांना रांगेत बसवतात, एकेकीच्या खांद्यावर विटकं स्वेटर टाकतात आणि ती मान वर करेपर्यंत थांबतात, कारण फोटोत डोळे यायला पाहिजेत. गेल्या हिवाळ्यात एका म्हातारीला लग्नातला कोट मिळाला, एका बाहीचा. दुसरी बाही गठ्ठ्यात सापडली तर देऊ म्हणाले. माझं डोकं फिरलं. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘जुने कपडे देणाऱ्यांनो, आधी जुनी नजर काढा!’ ते मला आजही खरं वाटतं. त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. एक वाक्य सोडून.

त्या पत्रकात मी आज्याबद्दल लिहिलं होतं. बाबांचे वडील. त्याच्या लहानपणी आमच्या वस्तीला गावातून उतरलेले कपडे मिळायचे. मेलेल्याच्या अंगावरचं कापडसुद्धा मिळायचं, आणि ते घ्यावंच लागायचं. दीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या घरानं ते बंद केलं. आज्या शेवटपर्यंत म्हणायचा, ‘फाटकं घालीन, पण माह्यं घालीन.’ हे सगळं लिहून झाल्यावर शेवट जोरात करायचा म्हणून मी पुढे जोडलं: ‘मी त्याच आज्याची नात आहे. माझ्या आईनं मला जन्मात कधी कोणाचं उतरलेलं घातलं नाही!’

हेच ते वाक्य.

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दिवसा बाजार, दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि ज्या गावची मंडई त्या गावात घरोघर पाहुणे. या वर्षी आमच्याकडे अकरा होते. दोन खोल्या आणि पुढची पडवीसारखी सपरी, एवढ्यात अकरा माणसं, त्यांच्या चपला आणि मोबाइलचे चार्जर. त्यात जवाहरनगरची मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण. मावसा फॅक्टरीत आहेत, ते क्वार्टरमध्ये राहतात. त्यांची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, ती आता नागपूरला नोकरी करते, मंडईला येत नाही. मावशी मात्र एक मंडई चुकवत नाही.

जेवायच्या आधी मावशीला फळीवर माझं पत्रक सापडलं.

‘अवं, पोट्टीचं नाव छापून आलं! कोणी सांगितलं नाई मले?’ ती सपरीत सगळ्यांमध्ये उभी राहिली. ‘बसा सगळे. मी वाचते.’

‘वाच, पण जोरानं वाच,’ माझी आत्या म्हणाली. आत्या आमच्याच गावात दिली आहे. ‘मले एका कानानं कमी येते. अन् दुसऱ्या कानानं मी आयकत नाई.’

मावशीनं वाचलं. चांगलं वाचलं, माझ्याहून चांगलं. आज्याचा भाग आला तेव्हा बाबा खाली बघत होते. मग ती त्या वाक्यापाशी आली आणि थांबली. ‘पाणी दे व,’ म्हणाली. मी पाणी दिलं. तिनं पूर्ण तांब्या प्याला, तोंड पुसलं आणि ते वाक्य उद्गारचिन्हासकट वाचलं. सपरीत कोणी काही बोललं नाही. मग आत्यानं मांडीवर थाप मारली. ‘बापा! पोट्टी हाय का बंदूक!’

आईनं आतून आवाज दिला, ‘पुऱ्या थंड होऊन राहिल्या.’

मला वाटलं, सगळ्यांना भरून आलं आहे. सभेत अशी शांतता झाली की आम्ही ती चांगली खूण समजतो.

पाहुणे निघाले त्या दिवशी सकाळी मी माझा तपकिरी कुर्ता घातला होता. तो माझा सभेचा कुर्ता. पहिलं भाषण त्यात केलं, तेव्हापासून महत्त्वाच्या दिवशी तोच घालते. मावशी मागून आली. ‘मान इकडं कर व. लेबल बाहेर आलं.’ तिनं बोटानं लेबल आत खुपसलं आणि कॉलर सारखी केली. मी थँक्यू म्हटलं.

मग मी झाडू आणायला मागच्या खोलीत गेले, तर दोघी बहिणी एका रेक्झिनच्या बॅगेवर वाकलेल्या. बॅगेत स्वेटर, जाड लेगिंगा, एक जाकीट, मोजे. सगळं वापरलेलं. आई एक करडं स्वेटर छातीशी धरून माप बघत होती. मला बघून तिनं ते खाली केलं. मला वाटलं, लाज वाटली म्हणून खाली केलं.

मी बॅगेची चेन ओढली, बॅग उचलली, सपरीतून सगळ्यांसमोरून चालत गेले आणि बाहेर उभ्या ऑटोत फेकली.

‘मावशी, हे परत न्या. या घरात उतरन येत नाही. आज्या मेला म्हणून त्याचा नियम मेला नाही.’

‘अवं, बहीण हाय ते तिची!’ आत्या म्हणाली.

‘बहीण असो नाही तर आमदार असो. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे मला चालत नाही.’

बाबांनी माझं नाव घेतलं, एकदाच. आई दारात उभी होती. मावशीच्या मानेवर लाल चट्टे उठले. ती म्हणाली, ‘बरं बाई,’ आणि ऑटोत बसली. आईनं नव्या तांदळाचं पोतं बांधून ठेवलं होतं, वर पोह्यांची पिशवी. दर वर्षी जाते तशी. ते पोतं मीच उचललं आणि मावशीच्या पायाशी, त्या बॅगेच्या शेजारी ठेवलं. त्या पोत्याबद्दल मला काही बोलायचं सुचलं नाही.

पाहुणे गेले की घर मोठं होतं. दोन खोल्यांचंच घर, पण हाक मारली तर भिंतीवरून परत येते. पहिल्या दिवशी ते बरं वाटलं. एका लहान पोराचा मोजा खाटेखाली सापडला, अर्धा बिस्किटपुडा सापडला. आरशावर मावशीची टिकली चिकटलेली होती. आईनं आरसा पुसला, पण टिकलीच्या भोवतीनं पुसला.

मावशीचा फोन रोज संध्याकाळी सातला येतो. माझ्या आठवणीत तो कधी चुकलेला नाही. मावसा दवाखान्यात भरती होते तेव्हासुद्धा तिथून आला होता. आमच्याकडे नेटवर्क फक्त खिडकीत येतं, म्हणून आई सातच्या आधी हात धुऊन, पदराला पुसून खिडकीशी बसते. त्या दिवशीही बसली. साडेसातला उठली आणि भाकरी टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. ‘नेटवर्क नसन,’ ती म्हणाली. मोबाइलवर चार काड्या दिसत होत्या. मला दिसत होत्या, तिलाही.

मला तेव्हा माफी मागावीशी वाटली, असं लिहिलं तर छान दिसेल. तसं नव्हतं. मला राग येत होता. तत्त्वाची गोष्ट आहे आणि मावशी रुसून बसली आहे, असं मी मनात म्हणत होते. मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलंही की बदल घरापासून सुरू होतो. सतरा जणांनी अंगठा दिला.

थंडी त्याच दिवसांत वाढली. आमच्या बांधीतला भारी धान अजून उभा होता. बांधी म्हणजे धानाचं खाचर, आणि भारी म्हणजे उशिरा पिकणारा. आई-बाबा उजाडायच्या आत कापायला जायचे, कारण दव असताना लोंबी झडत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पांघरुणात होते, जागी होते, आणि आई कपडे चढवत होती. आधी एक जुनं ब्लाऊज, त्यावर दुसरं, त्याच्या बाहीची शिवण उसवलेली. त्यावर माझं शाळेचं मरून स्वेटर. आठवीतलं. त्याच्या बाह्या तिच्या कोपरापर्यंतच आल्या. त्यावर लुगड्याचा पदर आवळून घेतला आणि सगळ्याच्या वरून बाबांचा फुल बाह्यांचा शर्ट. आमच्याकडे धान कापायला बाया नवऱ्याचा शर्ट घालतातच, पातीनं हात कापतात म्हणून. पण आतल्या थरांमुळे शर्टाची बटनं लागेनात. तिनं वरचं एक लावलं, बाकी सोडून दिली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि विळा घेतला.

‘थंडी वाजते का गं?’ मी विचारलं. पांघरुणातून.

‘नाई व. काम लागलं का घामच येते,’ ती म्हणाली आणि खोकली.

मला कळलं. ती बॅग माझ्यासाठी नव्हतीच. आईनं स्वतःसाठी मागवली होती, त्या बांधीतल्या सकाळींसाठी. मला कळलं आणि मी पांघरुणातच राहिले. लिहायचा एक अहवाल होता.

चौथा दिवस. एका पाहुण्याच्या पोरानं वाकळ ओली केली होती. आईनं जाताना सांगितलं, ‘नुसती वाळवून वास जात नाई. उसव, आतलं वेगळं धू.’ मी सपरीत ऊन धरून बसले आणि ब्लेडनं टाके कापू लागले. आमच्या वाकळी आईच शिवते. वर मोठं लुगडं, आत जे असेल ते. वरचं लुगडं निघालं, त्याखाली बाबांची लुंगी, आणि लुंगीखाली माझं बालपण सपाट करून अंथरलेलं.

चौथीतल्या गॅदरिंगचा पिवळा फ्रॉक होता. फुग्याच्या बाह्या कापून काढलेल्या, तरी ओळखला. हा फ्रॉक पवनीच्या दुकानातून घेतला, असं आईनं मला सांगितलं होतं. गळ्यामागे लेबलही होतं, आणि त्या लेबलावर नव्वद लिहिलेलं होतं. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं की माझा फ्रॉक नव्वद नंबरचा आहे, दुकानातला सगळ्यात मोठा नंबर. मी ते लेबल बोटानं चोळलं. तेव्हा वाचता येत होतं, पण कळलं नव्हतं. ते पुरुषांच्या बनियनचं लेबल होतं.

लेबलाची एक बाजू कुजून सुटली होती. खाली लाल दोऱ्याचे तीन टाके होते, चिमणीच्या पायासारखे. मावशीच्या घरच्या टॉवेलांवर असतात तसे.

मी पुढचा कपडा काढला. निळा स्कर्ट. पट्टीच्या आत तीन टाके, वरून फीत शिवलेली. फुलाफुलांचा टॉप. तीन टाके, वरून कापडी फूल. मी ब्लेड खाली ठेवलं, आत गेले, माझी पेटी उघडली आणि कपडे बाहेर फेकत गेले. अकरावीचा पंजाबी ड्रेस, तीन टाके. शेवटी तपकिरी कुर्ता. त्याचं लेबल मी नखानं उचकटलं.

तोच कुर्ता घालून मी ओरडले होते. आणि ओरडायच्या आधी मावशीनं स्वतःच्या बोटानं ते लेबल आत खुपसलं होतं. खालचे टाके कोणाला दिसू नयेत म्हणून.

आई दुपारी आली. पाय धुतले. सपरीत पसरलेलं सगळं तिनं बघितलं.

‘उसवली?’

‘हे काय आहे?’

‘दिसते ना.’

‘सगळे?’

‘शाळेचा ड्रेस सोडून सगळे.’ ती खाली बसली आणि डोक्याचा दुपट्टा सोडला. मावशीला ती बाई म्हणते. ‘बाईच्या कॉलनीत गच्चीवर सगळ्याईची एकच दोरी. कपडे बदलतात. म्हणून बाई लाल दोऱ्याची खूण करते. मी वरून काहीतरी लावत होती. फीत म्हणा, फूल म्हणा. दुकानाचा फ्रॉक म्हटलं तर लेबल पायजे ना.’

‘आणि आज्या? आज्याला फसवलं तू?’

आई हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. ‘ते नव्वद नंबर कोणाचं हाय? त्याच्याच बंडीचं. त्यानंच काढून देल्लं. म्हणे, बहीण बहिणीले देते ते उतरन नोय. आपले तांदूळ तिकडं जातात, तिकडचे कपडे इकडं येतात. पण पोट्टीले नोको सांगू, म्हणे, शाळेत पोट्टे हासतीन.’

आज्याला फरक कळत होता. ज्याच्या अंगावर ते कापड पडलं होतं त्याला कळत होता. मी फक्त त्याचं वाक्य उचललं होतं. दर वर्षी आमच्या घरातून तांदूळ जायचा, पोहे जायचे, लाखोरीची डाळ जायची. त्याला मी काय म्हणत होते? काहीच नाही. तांदूळ जातात म्हणजे जातात. आणि कपडे आले की मला एकदम वरचा हात आणि खालचा हात दिसला.

‘मला सांगितलं काहून नाही?’

‘सांगणारच होती. तू पत्रक छापून आणलं.’

‘मग वाचलं तेव्हा तरी—’

‘अकरा पाहुण्याईत? तुले पाडू?’

मी म्हटलं, मावशीला फोन कर. आई म्हणाली, ‘मी कोणत्या तोंडानं करू? घर माह्यं, पोट्टी माही. अन् तिनं काहून करावा?’ मग ती उठली. ‘वाकळ धू आता. ऊन जाईन.’

त्या संध्याकाळी ती सातला खिडकीशी बसलीच नाही. ते बघून मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पवनी, भंडारा, जवाहरनगर. एसटीत मी माफीची तयारी केली. मुद्दा एक, अपुरी माहिती. मुद्दा दोन, हेतू आणि पद्धत यांतला फरक. भंडारा येईपर्यंत पाच मुद्दे झाले. मावशीनं दार उघडलं आणि म्हणाली, ‘ये. जेवली का?’

स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाखाली माझं पत्रक लावलेलं होतं.

‘मावशी, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. पहिली गोष्ट अशी की—’

‘निवेदन नोको देऊ. भात टाकून राहिली मी, आपलेच तांदूळ हायेत. बस.’

मी बसले. पाचही मुद्दे गेले. मी फ्रिजकडे बोट केलं आणि म्हटलं, ‘ते वाक्य खोटं आहे.’

‘खोटं कायचं? तुले माहीत नव्हतं.’ ती तांदूळ धूत होती. ‘वाचतानी मले एकच भेव होता. आवाज हालला तर तुले समजन. म्हणून पाणी मांगलं.’

मला वर बघता येईना. तिनं कुकर लावला, हात पुसले आणि समोर बसली.

‘पण त्या दिवशी तू आमदार म्हटलं. ते लागलं मले.’

‘हो,’ मी म्हटलं.

‘माहीत नव्हतं, मान्य हाय. पण मी कोण हावो, हे त माहीत होतं ना तुले? तुह्या जन्माच्या वक्ती तुले पहिल्यांदा कापडात मीच गुंडाळलं. तेही कापड इथूनच गेलतं.’

‘हो.’

शिट्ट्या झाल्या. आम्ही जेवलो. जेवून झाल्यावर मी म्हटलं, ‘मावशी, ती बॅग द्या. आईला थंडी वाजते.’ हे वाक्य मी आयुष्यात कोणाला म्हणेन असं मला वाटलं नव्हतं. ज्या आवाजात निघालं तो आवाज मला ओळखू आला नाही.

‘बॅग तू फेकली तवाच फाटली.’ ती कपाटातून कपडे घेऊन आली, खाटेवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. ‘पोत्यात भरून देल्ले तर तुले रस्त्यानं पुन्हा उतरन दिसन. अंगावर घालून जाय.’

‘सगळे?’

‘सगळे. उभी राह्य.’

तिनंच घातले. लेगिंगवर लेगिंग. टीशर्ट, त्यावर मावसबहिणीचा जुना कार्डिगन, त्यावर हिरवं स्वेटर, त्यावर करडं, त्यावर जाकीट. हात खाली येईनात. प्रत्येक गळ्यापाशी तीन लाल टाके होते, उघडे. ती लहान पोराला तयार करतात तशी एकेक गळा ओढून सारखा करत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आहे की काय आहे, ते मला कळत नव्हतं.

दुपारचं ऊन होतं. भंडाऱ्याच्या स्टँडवर माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. एक म्हातारबा बाकावर सरकत म्हणाला, ‘बसा ताई. काश्मीरले चालल्या का?’ एसटीत दोन कॉलेजच्या पोरी होत्या. त्यातल्या एकीला मी पत्रक दिलं होतं. ती माझ्याकडे बघून हसली, मग दुसरीच्या कानाशी काहीतरी बोलली. जाकीट काढून मांडीवर ठेवता आलं असतं. मी ठेवलं नाही. घालून जा, असं सांगितलं होतं.

घरी पोचले तेव्हा उन्हं गेली होती. आई चुलीपाशी पाणी तापवत होती. तिनं मला वरून खाली बघितलं.

‘हे कोण आलं? माणूस हाय का धानाचं पुंजणं?’

मी धानाच्या गंजीसारखीच उभी, हात वर करता येत नव्हते, म्हणून तिनंच एकेक काढलं. जाकीट दोरीवर टाकलं. करडं स्वेटर माझ्या डोक्यावरून ओढलं आणि तिथंच, चुलीपाशी उभ्या उभ्या, स्वतः घातलं. ‘गरम हाय,’ म्हणाली. ते माझ्या घामानं ओलंही होतं.

मग तिनं हात धुतले, पदराला पुसले, खिडकीशी गेली आणि स्वतः फोन लावला. सात वाजायचे होते.

‘बाई, पोचली. हो. सगळे घालून आली... नाई, कोणी मारलं नाई तिले... आंब्याच्या अढीतून काढल्यावानी पिकून आली!’ पलीकडून हसण्याचा आवाज आला. दोघी बराच वेळ हसत होत्या. मी पातळ कुर्त्यात उभी होते, आणि आता मला थंडी वाजत होती.

मावशीनं माफ केलं का, ते मला अजून माहीत नाही. ती तसं म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. पण अपमान मी सगळ्यांसमोर केला होता, आणि माफी तिच्या स्वयंपाकघरात बसून मागितली. ही चलाखी झाली. म्हणून मी आत्याकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. पिवळा फ्रॉक, लेबल, टाके.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, ‘अवं, त्या फ्रॉकाची कंबर मीच त बारीक केलती! त्या दिवशी सपरीत बसलेल्या कोणाले माहीत नव्हतं? एक तुले सोडून.’

म्हणजे मावशी वाचत होती तेव्हा ती शांतता त्याची होती. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी हसलं नाही. आत्यानं मांडीवर थाप मारली ती मला वाचवायला. मी लोकांना जागं करायला निघाले होते. लोक जागेच होते. झोपेत मीच बडबडत होते, म्हणून लोक हळू बोलत होते.

पत्रक परत गोळा करता येत नाही. चूक छापलेली आहे, तर दुरुस्तीही छापलेली पाहिजे, म्हणून हे लिहिलं. माझ्या आईनं मला जन्मभर माझ्या मावसबहिणीचे कपडे घातले. मी ते घालूनच मोठी झाले, ते घालूनच भाषणं केली. रांगेत बसवून फोटो काढणाऱ्यांबद्दल माझं म्हणणं बदललेलं नाही. त्यांना आणि मावशीला मी एका ओळीत बसवलं, त्याची मला लाज वाटते.

मी जवाहरनगरहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आई उजाडायच्या आत उठली. मीही उठले. तिनं करडं स्वेटर घातलं, वर बाबांचा शर्ट. या वेळी सगळी बटनं लागली. पण गळ्याशी मागे ते तीन लाल टाके दिसत होते.

‘आई, वर लेबल लावून देऊ?’

‘कायले? धान कापायले लेबल लागते का?’ ती म्हणाली. ‘ते हिरवं घाल अन् विळा घे. अर्धी बांधी बाकी हाय.’

मी हिरवं घातलं.